रिकाम्या कुंडीला पाणी

८ जानेवारी

प्रिय आत्या,

परवा फोन केला होता. तू तीनदा "कोण, गॅसवाले का?" असं विचारलंस आणि "सिलेंडर आहे अजून" म्हणून ठेवून दिलास. तेव्हा आपलं पत्रच बरं.

काम मिळालं आहे. इथल्या सार्वजनिक बागेत एक जुनं काचघर आहे, त्याची तावदानं बदलायची. एकूण दोनशे चौदा. निम्मी तडकली आहेत आणि उरलेल्यांच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, वाळून पोपडे धरून पडायला आली आहे. आत इतकी दमट हवा, की दारातून शिरलो की चष्म्यावर धुकं आणि मी आंधळा. हाताखाली माणूस नाही. एकटाच शिडी लावतो, एकटाच काच उचलतो, एकटाच स्वतःला शिव्या देतो.

इथली झाडं एक बाई सांभाळतात. चाळिशीच्या असतील. बोलणं कमी, एप्रनच्या खिशात कायम सुतळी आणि कात्री. दुसरे आहेत झारीवाले काका. ते पाणी घालतात, पण एका डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे झाडांइतकंच माझ्या बुटांनाही घालतात.

तर गंमत ऐक. या बाई रोज सकाळी एका रिकाम्या कुंडीला चमच्यानं पाणी घालतात. कुंडीत माती, बाकी काही नाही. मी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "काय लावलंय?"

"लावलंय. दिसत नाही अजून."

"कधी लावलं?"

"पाच वर्षं होतील."

मी हसलो नाही बरं का. खोकलो फक्त. मग त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन त्याच जातीचं मोठं झाड दाखवलं. आत्या, तो चक्क खराटा होता! हिरवा खराटा, मातीत उलटा खोचलेला.

मी विचारलं, "पानं गळली वाटतं?"

"नव्हतीच."

"मुळं?"

"तीही नाहीत."

"फुलं तरी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून काय काय हवंय तुम्हाला?"

तू एकतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलीस. खरं सांग, या बाई माझी फिरकी घेतायत का?

तुझा,
काचोबा


१५ जानेवारी

काचोबा,

गॅसवाले दर महिन्याला येतात, तू वर्षातून एकदा फोन करतोस. मला दुसरं कोण आठवणार?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग ओळी मोजल्या. तावदानांवर सहा, खराट्यावर दहा, आणि बाईंवर, त्यांच्या एप्रनसकट, जवळजवळ तीस. निष्कर्ष काढत नाही. प्रयोगशाळेत निष्कर्ष सर काढायचे, मी फक्त नोंद करायची.

बाई फिरकी घेत नाहीत. त्या वनस्पतीचं नाव सायलोटम. नेच्यांच्या नात्यातली, पण नेच्यांचा पानांचा थाट हिच्याकडे नाही. हिरवी काडी, तिला दोन फाटे, त्या प्रत्येकाला परत दोन. पानाचं काम काडीच करते. मातीखाली तपकिरी खोड असतं, त्याला मुळांऐवजी बारीक केस, आणि पोटापाण्यासाठी एका बुरशीशी भागीदारी. अंगावर पिवळे, मोहरीएवढे गोळे येतात, प्रत्येकाचे तीन कप्पे, आत बीजाणू. आमच्याकडे दर परीक्षेला ती काडी ठेवायचे. एका मुलीनं दया येऊन तिला चित्रात दोन पानं काढून दिली होती. शून्य मिळालं बिचारीला.

आता रिकाम्या कुंडीचं. बाईंनी बीजाणू पेरले असणार. तो बीजाणू मातीत अंधारात त्या बुरशीच्या जिवावर वाढतो, तांदळाच्या कणीएवढा होतो आणि तसाच पडून राहतो. वर्षानुवर्षं. मग त्याच्या मनात आलं तर वर काडी निघते. आमच्या सरांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कंटाळून ती माती मोगऱ्याला घातली.

जी बाई पाच वर्षं कंटाळली नाही, तिच्यासमोर जरा कमी खोकत जा.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काम बरं चाललं आहे. एकशे तीस तावदानं झाली.

एक विचारायचं होतं, सहज. समजा, एखाद्या ठिकाणी काम चालू आहे. काच पडू नये म्हणून फळीवरच्या कुंड्या खाली उतरवून ओळीनं ठेवल्या आहेत. सगळ्या सारख्या. आणि समजा, तिथं काम करणाऱ्या एका गड्याला फुटक्या काचा टाकायला काहीतरी हवं होतं. त्यानं एक रिकामी दिसणारी कुंडी घेतली, माती मागच्या ढिगावर ओतली आणि कुंडीत काचा भरल्या. मातीत हिरव्या काडीपेटीच्या काडीएवढं काहीतरी होतं, ते त्याला गवत वाटलं. तर अशा वेळी काही करता येतं का?

ती काडी म्हणे त्याच्या बारा दिवस आधीच वर आली होती. बाईंनी फक्त झारीवाल्या काकांना दाखवली होती. गडी तेव्हा काच आणायला तीन दिवस बाहेर होता, त्याला पत्ताच नाही.

बाई सहा वर्षं हंगामी आहेत. एप्रिलमध्ये बागेची समिती येणार, आणि अधीक्षकांनी त्यांना सांगितलं होतं की बीजाणूपासून रोप करून दाखवलंत तर कायम करायची शिफारस करतो. कुंड्या काकांनी उतरवल्या होत्या, म्हणून सगळे समजतायत की माती त्यांनीच फेकली. अधीक्षकांनी त्यांना बोलावून घेतलं. काका म्हणाले, "असेल बुवा, मला हल्ली नीट दिसत नाही." पुढच्या महिन्यापासून त्यांना बंद करायचं चाललं आहे.

बाईंनी मोकळी फळी पुसली आणि दुसरीकडे कामाला लागल्या.

सहज विचारलं.

काचोबा


७ फेब्रुवारी

काचोबा,

हा गडी कुठून आला? महिन्यापूर्वी एकटाच शिव्या देत होतास. आणि आला असेल तर त्याला माझा निरोप दे, की लहानपणी आजोबांचा चष्मा फोडून मांजराचं नाव सांगणारा एक पोरगा मला माहीत आहे, आणि तेव्हा आमच्या घरी मांजर नव्हतं.

आता थट्टा पुरे. एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या बापालाही कधी सांगितली नाही.

मला नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत नवीन सूक्ष्मदर्शक आला होता, सगळ्यांनी भोवती उभं राहून पाहिला. मी त्याचं भिंग चुकीच्या फडक्यानं पुसलं आणि त्यावर चरे पडले. दुसऱ्या दिवशी ते दिसले, तेव्हा शिपायाचं नाव घेतलं गेलं, कारण किल्ली त्याच्याकडे असायची. मी कपाटातल्या बरण्या लावत होते, लावतच राहिले. मनात म्हटलं, उद्या सांगू. त्याला भांडाराच्या तळघरात टाकलं. सतरा वर्षं होता तिथं. जाता येता दिसला की मला नमस्कार करायचा. काचोबा, रोज करायचा. तो गेला तेव्हा त्याच्या घरी जायचाही मला धीर झाला नाही.

म्हणून सांगते. पत्र खाली ठेव आणि बाईंकडे जा. नंतर अधीक्षकांकडे. हाच क्रम ठेव, उलटा नको.

आणि नीट ऐक, काम संपलेलं नाही. तिला मुळं नाहीत, म्हणून मुळं तुटली असं रडायचं कारण नाही. मातीतल्या त्या तपकिरी खोडाचा तुकडा शिल्लक असला तर तो पुन्हा धरतो. शिवाय एक काडी वर आली म्हणजे खाली तिची भावंडं असू शकतात. ढीग सावलीत आहे का? ओल आहे का? कुणालाही त्याला फावडं लावू देऊ नकोस. हातानं शोधायचं. रंग मातीचाच, जाडी जेमतेम दाभणाएवढी, अंगावर केस. काचा आणि माती वेगळी करणं तुला जमतं, तेवढं तरी तुझ्या बापानं तुला नीट शिकवलं आहे.

आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अक्षराबद्दल माफ कर, पेन गळतंय.

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी. बाई टाकीजवळ कुंड्या घासत होत्या. मी चार शब्द पाठ करून गेलो होतो, ते विसरलो. म्हटलं, "बाई, ती कुंडी मी ओतली."

त्या घासत राहिल्या. "कुठली?"

"तुमची."

मग हात थांबले. "किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून चहा प्यायलात."

"नऊ. मध्ये दोन दिवस धीर झाला नाही."

त्यांनी एप्रनला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काका रोज मला सॉरी म्हणतात. न केलेल्या गोष्टीबद्दल. त्यांना जाऊन सांगा आधी."

म्हणजे तुझ्या क्रमात मध्ये एक ठिकाण वाढलं. काका झारी भरत होते. मी सांगितल्यावर त्यांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे मला अजून तेवढं दिसतं तर!" आणि इतके खूश झाले, की मला रागवायचं विसरले. त्याचंच मला जास्त लागलं.

अधीक्षक मात्र विसरले नाहीत. पुरतं झाडलं. पण काकांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. माझं काम काढून घेतलं नाही, कारण छप्पर अर्धं उघडं आहे.

ढिगाजवळ मी आणि बाई रोज संध्याकाळी बसतो. ढीग टाकीच्या मागे आहे, वरून ठिबकतं, त्यामुळे ओल होती. ती कुंडी ओतली त्यानंतर त्यावर पालापाचोळा आणि माझ्याच चार टोपल्या काचा पडल्या आहेत. मी काचा वेचतो, बाई माती. बोलणं असं नाहीच. "तुमच्याकडे." "इकडे नको." "थांबा." गेल्या आठवड्यात माझ्याशी त्या एकूण एकवीस शब्द बोलल्या असतील, त्यातले आठ "थांबा".

काल त्यांनी एक तुकडा उचलला, भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला. मी श्वास रोखला. मग म्हणाल्या, "काथ्या."

आज मात्र तीन मिळाले. काथ्या नाहीत. खात्री करून कुंडीत निजवले.

काचोबा


२२ फेब्रुवारी

काचोबा,

शाबास. एवढा एकच शब्द, जास्त दिला तर तू फुगशील.

बाकी पेन गळलं म्हणजे शाई सांडते. अक्षरं डावीकडे लोळत जाऊन एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. तुझं पत्र पाहून शेजारीण म्हणाली, कोंबडी शाईत पडली होती का? मी म्हटलं, नाही, भाचा प्रेमात पडला आहे. बोलले खरी, पण मला ते अक्षर आवडलं नाही. काय लपवतो आहेस?

ते तुकडे ज्या मातीत सापडले तीच माती कुंडीत घाला. नवीन, भाजलेली, स्वच्छ माती घालू नका. बुरशी त्या जुन्या मातीत आहे, आणि तिच्याशिवाय या घराण्याचं पान हलत नाही. पान म्हणजे, जे काही असेल ते.

आत्या


१० मार्च

आत्याबाई,

आपली ओळख नाही. मी काचघरात काम करते. तुमच्या भाच्यानं तुमचा पत्ता देताना, "तिला लिहाल तर मोठ्या अक्षरात लिहा" असं सांगितलं. मी म्हटलं, कान कमी आहेत ना त्यांचे, डोळे कुठं? तर म्हणाले, "सवय असलेली बरी." म्हणून हे मोठं अक्षर.

जुनी माती घालायचा तुमचा सल्ला वेळेवर आला. मी नवीन मिश्रण करून ठेवलं होतं, ते टाकलं. आता कुंडीत पाच तुकडे आहेत. त्यातले दोन कणीसारखे आहेत, ते अजून वाढत असावेत असं वाटतं. वर काही नाही.

तुम्ही अक्षराबद्दल विचारलं होतं. ते तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. ढिगाजवळ ते पहिल्या दिवशी हातमोजे घालून बसले होते. हातमोज्यांतून कणीएवढं काही बोटांना कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी काढले. पाचव्या दिवशी उजव्या तळव्यात काच गेली. सात टाके पडले. फडकं गुंडाळून ते डाव्या हातानं वेचत राहिले, ते तीन तुकडे मिळेपर्यंत दवाखान्यात गेले नाहीत. तुम्हाला पत्र लिहिलं ते डाव्या हातानं. आता टाके निघाले आहेत आणि मूठ मिटते. चमचा धरता येतो, हिरकणीनं काच कापायला अजून पंधरा दिवस लागतील.

मी त्यांच्यावर रागावले होते. अजूनही थोडी आहे, पण तो राग आता रोज आठवणीनं काढावा लागतो.

तुमच्या पत्रांतलं ते मला कधी कधी वाचून दाखवतात. मध्येच थांबतात, दोन ओळी मनात वाचतात, कान लाल होतात आणि मग पुढचं "हवा कशी आहे" असं काहीतरी वाचतात. तुम्ही हवेबद्दल इतकं लिहिता का?

समिती चार एप्रिलला येते आहे. कुंडी त्या दिवशी रिकामी दिसणार. त्यांना काय दाखवावं, कळत नाही.

आपली,
काचघरातली


१७ मार्च

काचघरातल्या बाईंना,

हवेबद्दल मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही.

हाताचं कळवलंत, बरं केलंत. त्याला रागावणार आहे, पण वेगळ्या कागदावर. हा मुलगा आठ वर्षांचा असताना झाडावरून पडला आणि हात मोडला, तर सबंध दिवस खिशात हात घालून फिरला. जेवताना डाव्या हातानं वरपायला लागला तेव्हा कळलं. आम्ही विचारलं, दुखतंय का? तर म्हणाला, "नाही, बदल म्हणून." तेव्हापासून फार सुधारला आहे असं नाही.

समितीला काय दाखवायचं? कुंडीच दाखवा. तुमच्याकडे पाच वर्षांच्या नोंदी असतील, तुम्ही ठेवणाऱ्यांतल्या दिसता. त्या दाखवा. झालं तसं सांगा, त्यात माझ्या भाच्याचा भागही सांगा, त्याला वगळू नका. रोप नाही म्हणून तुमचं काम नव्हतं असं होत नाही. आता ते समितीला समजेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. एकतीस वर्षांत मी पुष्कळ समित्या पाहिल्या. काहींना बिस्किटं कुठली हेच कळायचं.

थोडा राग ठेवा शिल्लक. त्याला झेपतो.

आत्या


६ एप्रिल

प्रिय आत्या,

उजव्या हातानं लिहितोय, बघ. तुझं ते वेगळ्या कागदावरचं रागावणं मिळालं. बाईंनी मागितलं होतं, दिलं नाही.

समिती आली. तिघं होते. एक कुंडीत डोकावले आणि म्हणाले, "ही तर रिकामी आहे." बाई म्हणाल्या, "दिसते रिकामी." आणि वह्या पुढे ठेवल्या. पाच. रोजचं तापमान, रोज किती चमचे पाणी, आणि शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द, "नाही". नाही, नाही, नाही, पानामागून पान. जानेवारीतल्या एका दिवशी "आहे". मग बारा दिवस "आहे". आणि त्यापुढे परत "नाही".

मी शिडीवर होतो. उतरून आत गेलो आणि म्हटलं, "तो पुढचा 'नाही' माझा आहे." नंतर काय काय बोललो आठवत नाही, बाई म्हणतात बराच वेळ बोललो.

कायम केलं नाही. एक वर्ष मुदत वाढवली, म्हणजे सातवं वर्षही हंगामीच. समिती गेल्यावर बाई पायरीवर बसल्या. मी जवळ उभा राहिलो. म्हटलं, "मी चहा आणू?" म्हणाल्या, "आणा. आणि दोन आणा, उगीच उभे राहू नका." आत्या, इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचे डोळे भरलेले पाहिले, आणि ते माझ्यामुळे. 

छप्पर पूर्ण झालं. दोनशे चौदा. काम संपलं. तरी मधूनमधून इथं येत जाईन, गळती तपासायला.

काचोबा


१२ एप्रिल

काचोबा,

पाऊस नाही, पाणी नाही, गळती कशी तपासणार आहेस? डोळे मिटून?

जा, जात राहा.

आत्या


२७ जुलै

प्रिय आत्या,

साडेतीन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. सांगण्यासारखं काही नव्हतं. बाईंच्या वहीत होतं तेच माझ्याकडे होतं.

आता आहे. आठ तारखेला सकाळी गेलो तर बाई फळीसमोर नुसत्या उभ्या. चमचा हातात, पाणी घातलेलं नाही. जवळ गेलो. कुंडीत तीन काड्या, नखाएवढ्या. काकांना बोलावलं. त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ कुंडी नेली आणि मोजलं, "एक, दोन, तीन." मग दुसऱ्या डोळ्याजवळ नेली, "इकडूनही तीनच!" अधीक्षक आले, गुडघे कुरकुरत खाली वाकले आणि बराच वेळ उठेचनात. आम्हाला वाटलं कंबर धरली. ते बघत होते. त्यांनी त्याच दिवशी समितीला कागद पाठवला, समितीतले एक जण स्वतः येऊन बघून गेले, आणि चार दिवसांपूर्वी आदेश आला. बाई कायम.

मी फार खूश आहे. पण त्यामुळे नाही लिहिलं, दुसरंच एक आहे आणि ते तूच सोडवू शकतेस.

आदेश आला तेव्हा मी शिडीवर होतो. खरोखरच एक तावदान सैल झालं होतं, हसू नकोस. बाई शिडीखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या खोलीची मुदत सप्टेंबरात संपते. आता नोकरी पक्की, तर जरा मोठी जागा बघीन म्हणते. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी. दोघांना पुरेल अशी."

मी विचारलं, "खिडकीला काच कुठली लावायची? साधी की दाणेदार?"

त्या वर बघत राहिल्या. मग "विचार करून सांगते" म्हणाल्या आणि गेल्या.

खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, दोघं म्हणजे कोण हे मी विचारलंच नाही. त्यांची एक बहीण आहे दुसऱ्या गावी. ती येणार असेल राहायला. तशी असेल तर मला आनंदच आहे, पण मग मी इतका अस्वस्थ का? चार दिवस जेवण जात नाही. तुला काय वाटतं?

काचोबा


१ ऑगस्ट

काचोबा,

रोपांचं वाचून मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. शेजारीण धावत आली. हे झालं आनंदाचं.

आता तुझं. बहीण राहायला येणार असेल तर बाई ते बहिणीला सांगतात. शिडीखाली उभं राहून, मान वर करून, काचवाल्याला सांगत नाहीत. अरे गाढवा, त्यांनी तुला विचारलं! चाळीस वर्षांचा घोडा झालास, आणि एका बाईनं एवढं सरळ विचारल्यावर तू तिला काचेचे प्रकार सांगतोस?

मला पत्र लिहीत बसू नकोस. काच कुठलीही चालेल. आधी शिडीवरून खाली उतर, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहा, आणि "हो" म्हण. एकच अक्षर आहे, डाव्या हातानंही लिहिता येतं.

आत्या


६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

या वेळी 'आत्याबाई'तलं बाई गाळलं आहे, चालेल ना?

तुमचं पत्र आज दुपारी काचघराच्या पत्त्यावर आलं. ते छपराशी होते, हात लांबीनं माखलेले. खालून म्हटलं, तुमच्या आत्यांचं पत्र आहे. वरून म्हणाले, "वाचा ना तुम्हीच, मोठ्यानं. रोपांबद्दल असेल."

मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. टाळ्यांचं वाचलं, शेजारणीचं वाचलं. ते वर हसत होते. पुढच्या ओळीवर माझी नजर गेली, आणि मला थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही. बहीण. शिडी. गाढव. घोडा. काचेचे प्रकार. सगळं स्पष्ट आणि मोठ्यानं वाचलं. काका पलीकडे पाणी घालत होते, ते झारी कलती धरून तसेच उभे राहिले. पाणी फरशीवर वाहत होतं.

वरचं हसणं कधी बंद झालं ते कळलं नाही. मी "आधी शिडीवरून खाली उतर" इथपर्यंत आले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पुढचं माझ्या तोंडून येणं बरं नव्हतं.

शिडीला अकरा पायऱ्या आहेत. एरवी ते दोन-दोन पायऱ्या सोडून उतरतात आणि मी ओरडते. आज एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर थांबून, लांबीचे हात हवेत धरून उतरत होते. फार वेळ लागला.

मी तिथंच उभी राहिले.